घुमटावर बंदी नाही, घोरपड मारण्यावर आहे

चतुर्थी जवळ आली की घुमटाबद्दल, म्हणजे आरतीत वाजणाऱ्या मातीच्या वाद्याबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो: 'गोव्यात घुमटावर बंदी आणली आहे. घोरपडीच्या कातड्याशिवाय घुमट होतच नाही, म्हणजे हा हिंदूंच्या आरत्या बंद पाडायचा डाव आहे.' शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात, याचं फार वाईट वाटतं. कारण यातली एकही गोष्ट खरी नाही.

वाद्यावर बंदी नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला मारणं, तिचं कातडं विकणं हा गुन्हा आहे, त्याला ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. घुमटाला तर गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

डावाचं म्हणाल, तर हा कायदा देशभराचा आहे. आणि घुमट काही फक्त आरतीत, सुवारीत (घुमटांच्या सामूहिक वादनात) वाजत नाही. ख्रिस्ती घरांत मांडो, म्हणजे कोंकणी गाण्यांचा एक प्रकार, रंगतो तो व्हायोलिन आणि घुमटावरच. तोच नियम त्यांनाही आहे.

आता कातड्याचं. घोरपडीचं कातडं पातळ आणि चिवट, जुन्या वादकांचा जीव त्यावर होता, हे मान्यच आहे. पण घुमट बोलतं ते नुसत्या कातड्याने नाही. मातीच्या भांड्याला दोन तोंडं असतात. मोठं मढवलेलं, लहान उघडं. उजव्या हाताची थाप पडते तेव्हा डावा तळवा मागचं तोंड झाकतो, सोडतो, अर्धवट दाबतो. तो खोल घुमारा वर-खाली होतो तो या तळव्यामुळे. भांडं नीट भाजलेलं नसेल आणि डावा हात तयार नसेल, तर घोरपडीचं कातडंही काही करू शकत नाही.

आज बकऱ्याच्या कातड्याने मढवलेली घुमटं सर्रास वाजतात. कातडं पातळ निवडायचं, नीट खरवडायचं. भाद्रपदातल्या दमट हवेत ते सैल पडतं, मग आरतीआधी शेकून घ्यावं लागतं. एवढं काम वाढतं, हे खरं. त्यासाठी एक मुका जीव मारायला हवा, हे मला कधीच पटणार नाही.

यंदा घुमट घेताना कातडं कशाचं आहे ते आधी विचारा. कोणी 'अस्सल घोरपडीचं' म्हणून पुढे केलं, तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा.