चेहरा चुरचुरला म्हणजे गुण आला?

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. जे खाता येतं ते चेहऱ्याला लावायला हरकत नाही. दही, कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा), आंबवलेलं तांदळाचं पाणी यांतले जिवंत जिवाणू त्वचेत मुरतात. व्हिनेगर त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सावरतो. चुरचुरलं तर समजा औषध लागू पडतंय. आणि महागड्या सीरममध्ये तरी दुसरं काय असतं? मी स्वतः घरी आंबवणाऱ्यांतली. माझ्या बरण्यांवर माझा भारी जीव. पण त्या पोटासाठी आहेत.

‘खाता येतं’ हा मुद्दा सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात पोकळ. जठराचं अस्तर आम्ल सोसायलाच बनलंय, गालाचं नाही. शिवाय भेगाळलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेवर अन्नातली प्रथिनं वारंवार लावली तर शरीर त्यांना शत्रू समजू लागतं. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. तो वापरणाऱ्या 2000 हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, आजवर बिनतक्रार पचणारा पाव बाधू लागला. 2011 साली साबण परत मागवावा लागला.

जिवाणूंचं थोडक्यात: दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसना ओल आणि साखर लागते. चेहरा कोरडा, खारट, तेलकट. तिथले रहिवासी वेगळे आहेत आणि पाहुण्यांना सहसा जागा देत नाहीत. तोंड धुतलं की पाहुणे मोरीत.

आता व्हिनेगर. निरोगी त्वचा मुळातच आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये सुमारे 5 टक्के ॲसिटिक आम्ल असतं आणि पीएच 3 च्या आसपास, कधी त्याहून खाली. पीएचमधला दोन अंकांचा फरक म्हणजे दुप्पट नव्हे, शंभरपट. याला सावरणं म्हणायचं? पातळ करून लावलं तर? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 22 जणांनी एक हात 0.5 टक्का ॲसिटिक आम्ल राहील इतक्या पातळ केलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये आणि दुसरा साध्या पाण्यात, रोज 10 मिनिटं, 14 दिवस बुडवला. त्वचेचं संरक्षक आवरण सुधारलं नाही. बहुतेकांना किरकोळ त्रास मात्र झाला.

घरच्या बरणीत तर किती आम्ल आहे हेच कळत नाही. माझ्या कोम्बुचात एकदा पीएचची पट्टी बुडवली: तिसऱ्या दिवशी 4, तीन आठवड्यांनी 3. बरणी तीच, रंगही तोच, आम्लता दहापट. ‘दोन चमचे कापसावर घ्या’ लिहिणाऱ्याने यातला कुठला दिवस धरलाय?

चुरचुर म्हणजे गुण, हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते धोक्याच्या घंटेलाच शाबासकी देतं. आम्लाची जाणीव झाली की त्वचेतले मज्जातंतू ओरडतात. त्याचा अर्थ ‘काढ’ एवढाच. इंटरनेटवरची कृती वाचून नाकावरचे तीळ व्हिनेगरने घालवायला गेलेल्या 14 वर्षांच्या मुलीचं नाक भाजल्याची नोंद 2015 च्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. (तीळ घरी घालवायचेच नसतात. तो बदलला असेल तर आधी डॉक्टरांनी पाहायला हवा.)

सीरममध्येही हेच असतं? नाही. तिथे बहुधा आंबवणाचा गाळलेला अर्क किंवा जिवाणूंच्या फोडलेल्या, मेलेल्या पेशी असतात. पीएच ठरवलेला असतो, वर परिरक्षक, म्हणजे खराब होऊ न देणारं द्रव्य. घरगुती वापराच्या लॅक्टिक आम्लासाठी (दही आंबट करणारं आम्ल ते हेच) 10 टक्क्यांपर्यंत प्रमाण आणि किमान 3.5 पीएच ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते, शिवाय उन्हापासून जपायचं. दह्यात ते जेमतेम 1 टक्का. म्हणून दही लावून चेहरा मऊ वाटतो हे खरं, पण ती करामत बरीचशी स्निग्धांश आणि पाण्याची. धडधाकट त्वचेवर, दुधाची ॲलर्जी नसेल तर, खुशाल लावा. डाग जायची वाट बघू नका.

व्हिनेगर आधीच लावून बसला असाल आणि आग होत असेल, तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धुवा. फोड आला किंवा डोळ्यात गेलं असेल तर धुऊन लगेच डॉक्टरकडे. आम्ल मारायला वरून खायचा सोडा चोळू नका. तो बहुधा पुढच्या संदेशात येणार आहे.