‘गाडी फिरायला नेली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आखाजीला गावी आलेले असताना ऐन सणात तुम्हाला गाडीसाठी चकरा माराव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वहिनी आणि लहान मुलांना उन्हात आमच्या शेडखाली बसावं लागलं, त्याचंही वाईट वाटतं.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की पारोळ्याच्या या गॅरेजवाल्यांनी तीन दिवस गाडी अडकवली, एसी लावून हायवेवर फिरवली, रसवंतीवर उभी करून रस पीत बसले आणि शेवटी बोटाएवढा सेन्सर बदलून २२०० रुपये घेतले. नाशिकच्या मेकॅनिकने हे दहा मिनिटांचं काम आहे असं सांगितलं, हेही लिहिलंय. पैशाचं आणि दिवसांचं बोलणं मी ऐकून घेईन. पण ‘फिरायला नेली’ हे वाचल्यावर रात्री जेवण गेलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी दाखवताना तुम्हीच सांगितलं होतं की सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते, पण लांबून आल्यावर बंद केली तर पुन्हा पेटत नाही, अर्धा तास थांबलं की आपोआप चालू होते. फार नेमकं सांगितलं होतं, त्याचा आम्हाला उपयोगच झाला. पण भाऊ, गॅरेजमध्ये गाडी यायची सकाळी, थंड. किल्ली फिरवली की चालू. चालू असलेल्या गाडीत बिघाड शोधणार कसा? तो समोर यायला इंजिन तसंच तापवावं लागतं.

म्हणून भर दुपारी धुळे रोडने मुकटीपर्यंत नेली. एसी लावला तो इंजिनवर लोड यावा म्हणून. आणि रसवंतीसमोर थांबलो, कारण हा बिघाड चालत्या गाडीत येतच नव्हता. गाडी पळत असते तोवर समोरून हवा लागते, रेडिएटरचं पाणी फिरत असतं. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं आणि ब्लॉकची सगळी उष्णता शेजारच्या वायरी-सेन्सरमध्ये शिरते. बंद केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं तिथलं तापमान उलट वाढतं. तेवढा वेळ बोनेट न उघडता थांबावंच लागतं, उघडलं तर उष्णता निघून जाते. तुमच्या पाहुण्यांनी गाडी उभी पाहिली ती याच वेळेला. त्या उन्हात माझ्या कामावरच्या पोरांनी एकेक ग्लास रस घेतला, त्याचे पैसे मी दिले. पेट्रोलही आम्हीच टाकलं, बिलात त्याची ओळ नाही, काढून बघा.

त्यानंतर सेल्फ मारला, तर इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. पेट्रोलच्या लाइनला गेज लावलेला होता, प्रेशर टिकून होतं. कार्बोरेटरच्या गाडीत उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन असं होतं, तुमची २००४ची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी आहे, म्हणून तो संशय तिथेच संपला. प्लगला करंट नाही, इंजेक्टरच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लुकलुकत नाही आणि सेल्फ मारताना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा शून्य. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं. हे त्याला कळवतो क्रँक सेन्सर. माझ्या हेल्परने खाली झोपून त्या सेन्सरवर ओलं फडकं दाबून धरलं, थोड्या वेळाने पुन्हा सेल्फ मारला आणि तो खालूनच ओरडला, “शेट, व्हयनी चालू!”

त्या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं तापून-निवून ती आतून तुटते. गरम झाली की तुटलेली टोकं लांब जातात, थंड झाली की पुन्हा चिकटतात. थंडपणी मीटर लावला तर सेन्सर चांगलाच दाखवतो आणि तुमच्या गाडीत स्कॅनरवर त्याच्या बिघाडाचा कोडही आला नाही. तरी लगेच बदलला नाही. कनेक्टर किंवा वायरिंगही तापून असंच करू शकतं, म्हणून दुसऱ्या दुपारी पुन्हा गाडी तापवून सेन्सरच्या पिनांवरच मीटर लावला. गरम असताना ओपन, म्हणजे आतून तुटलेला दाखवला, तेव्हा जळगावहून नवा मागवला.

नाशिकचे मेकॅनिक बरोबर बोलले, काढायला-लावायला दहा मिनिटंच लागतात. पण काय काढायचं हे कळायला वेळ लागतो. आमच्याकडे येण्याआधी तुम्ही दुसरीकडे कॉइल, प्लग आणि पेट्रोल पंप बदलून आला होता. आम्हीही अंदाजाने पार्ट टाकत गेलो असतो तर गाडी त्याच दिवशी हातात दिली असती, बिल मोठं झालं असतं आणि लळिंगच्या घाटात मुलाबाळांसह पुन्हा उभे राहिला असता. सेन्सर १३५० आणि मजुरी ८५०, यात मी काय जास्त घेतलं ते सांगा. आणि तीन दिवस गाडी अडकवली म्हणता, तर रोज संध्याकाळी पाहुण्यांकडे जायला तुम्ही ती घेऊन जात होता. आम्ही एकदाही नाही म्हटलं नाही, सण होता.

यापुढे ट्रायलला निघण्याआधी मालकाला फोन करायचा, असं पोरांना सांगितलंय. बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो.

भाऊ, हे छोटं गाव आहे. हायवेवरची अनोळखी गिऱ्हाइकं आता आधी मोबाइलवर रिव्ह्यू बघतात आणि मगच गाडी वळवतात. स्कॅनरचे हप्ते अजून चालू आहेत, कामावरच्या पोरांची घरं याच शेडवर चालतात. ग्राहकाच्या गाडीत मजा मारतो, हा डाग आमच्यावर आजवर लागला नव्हता.

जुना सेन्सर तुमच्या डिकीत स्टेपनीजवळ पिशवीत ठेवलाय. कुठल्याही मेकॅनिककडे तो हेअर ड्रायरने तापवून मीटर लावून बघा. गाडी पुन्हा गरम असताना पेटली नाही, तर मला फोन करा, मजुरी घेणार नाही. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, फक्त ‘फिरायला नेली’ हे वाक्य तेवढं काढा, एवढीच हात जोडून विनंती.