दुकान वाढवलं म्हणजे काय केलं?

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: शब्दाचा खरा अर्थ एकच, तो धातूत, म्हणजे शब्दाच्या मुळात असतो, संदर्भानं अर्थ बदलतो हे पाश्चात्त्यांचं खूळ, तसं मानलं तर कुणीही काहीही अर्थ लावेल. शेवटी सोलापूरकरांना टोला, बोलताना तुम्ही लावता तो 'बे' हा अपशब्दच.

आधी धातू. 'शिक्षा'मागचा शिक्ष् म्हणजे शिकणं. हिंदीत तो अर्थ टिकला, मराठीत शिक्षा कोर्ट देतं. धातूवर अडून बसलं तर जन्मठेपेचा कैदी आजन्म शाळेत! शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे प्राचीन आचार्य यास्क, खुद्द तेच आपल्या 'निरुक्त' ग्रंथात बजावतात, 'नैकपदानि निर्ब्रूयात्': संदर्भ सोडून सुट्या पदाचं निर्वचन करू नये, म्हणजे व्युत्पत्तीवरून अर्थ सांगू नये. (व्याकरण न येणाऱ्याला तर ते सांगूच नये, असंही लगेच पुढे आहे. असो.)

खूळ पाश्चात्त्य? ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचा सूचित अर्थावरचा गाजलेला लेख १९७५ चा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट अकराव्या शतकातले. 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला, एवढ्या वाक्यातून कुणाला गुरं घरी आणा असं कळतं, कुणाला संध्येला बसा, कुणाला विकायचा माल आवरा, हे त्यांनी मांडून दाखवलंय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर 'लाइट गेली' म्हटलं की कामगार बाहेर चहाला निघतो. घरात तेच म्हटलं की कुणीतरी मेणबत्ती शोधतं.

आता 'काहीही अर्थ'. मागे एका पाहुण्याला घेऊन रात्री चादरी घ्यायला गेलो. शटर अर्धं खाली, मालक घड्या घालत होते. म्हणाले, "उद्या या, आता दुकान वाढवलं." पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, "शेजारचा गाळा घेतला का?" 'बंद' अशुभ म्हणून दुकान वाढवतात. फुटलेली बांगडी वाढते, देवापुढं नारळ वाढवतात, पानात भात वाढतात. पण दार लावताना 'दार वाढव' कुणी म्हणत नाही, आणि 'पंखा वाढव' म्हटल्यावर पंखा बंद केलात तर शिव्या खाल. कुठं काय चालतं हे ठरलेलं असतं. कोशात सापडो न सापडो.

राहिला 'बे'. सासऱ्यांना 'काय बे' म्हणून बघा, जेवण मिळणार नाही. दोस्ताला म्हटलं नाही तर तो विचारतो, रागावलास का?

हा मजकूर मला ज्यानं पाठवला, त्यानं खाली लिहिलं होतं, "नीट वाच बे."