सतरा की एकोणीस?

बँकेत सह्या बदलायच्या होत्या, एवढंच. गावच्या विकास मंडळाची नवी कमिटी झाली, जुन्या सचिवांनी हात टेकले आणि मुंबईहून आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवून मला उभं केलं. टाळ्या वाजवून झाल्यावर ते तुतारी एक्स्प्रेसने परत गेले. फाईल माझ्याकडे राहिली.

तर परवा धो धो पावसात ती फाईल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून तालुक्याला गेलो. खजिनदार सोबत यायचा होता. सकाळीच त्याचा मेसेज: 'चिखलणी हा. तू बघ.' भाताच्या लावणीआधी शेतात चिखल करायचा, ती चिखलणी. काउंटरवरच्या मॅडमना ठराव दिला, घटनेची प्रत दिली, सगळ्यांचे आधार, पॅन, फोटो दिले. "धर्मादाय आयुक्तांकडे नवीन नावांची नोंद?" चेंज रिपोर्ट भरलाय, ही पोच. "पोच नको, ऑर्डर लागेल. बसा, साहेबांना विचारते."

बसलो. शेजारी एक आजोबा पासबुक घेऊन बसले होते. छपाईचं मशीन बंद होतं आणि त्यांना वेळच वेळ होता.

"बघू काय ता," म्हणत त्यांनी माझ्या मांडीवरून फाईल उचलली. मला वाटलं, वारा घ्यायला घेतायत. त्यांनी चष्मा लेंग्याला पुसला, लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने.

"'सर्वानुमते मंजूर.' किती जण होते?"

"सतरा."

बोटाला थुंकी लावून त्यांनी सह्या मोजल्या. "ह्यो तर एकोणीस."

"दोघे उशिरा आले."

"मगे ठरावाक हात कोणी वर केल्यान? ठराव आधी झालो, माणसा मागसून इली?"

समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी बोलणं थांबवलं. एक रिक्षावाला उठून आमच्या बाजूला येऊन बसला. आजोबांना आता श्रोते मिळाले होते. त्यांनी पान उलटलं.

"'सभेचा चहा-नाश्ता, रुपये 1240.'" हा आकडा त्यांनी अशा आवाजात म्हटला की कॅशियरचंही नोटा मोजणं थांबलं. "बारासो चाळीस! काय खाल्ल्यात काय तुमी?"

"भजी. आणि चहा."

"एकोणीस जणांनी?"

"चाकरमानी होते."

"ता सांग मगे," म्हणत त्यांनी मान डोलावली. रिक्षावाल्यानेही डोलावली. "तरी पण बिल खय हा?"

भजीवाल्याचं बिल! आमच्या नाक्यावर भजी वर्तमानपत्रावर मिळतात, बिल कशावर देणार? पण हे मी एका परक्या गावच्या माणसाला का समजावून सांगत होतो, तेच मला कळेना. आमच्या वार्षिक सभेत स्वतःच्या गावचं कोणी इतकं विचारत नाही.

सभेवरून आठवलं. आमची सभा मे महिन्यातच होते, कारण सिंधुदुर्गातल्या गावांत माणसं दिसतात ती मेमध्ये आणि गणपतीत. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांना 90 दिवसांत कळवायचं, असं 1950 चा विश्वस्त कायदा सांगतो. मेमध्ये निवड झाली की हे 90 दिवस नेमके चिखलणी, लावणी आणि पावसात जातात. ज्यांच्या सह्या हव्यात त्यांतले निम्मे विरार-डोंबिवलीत, उरलेले गुडघाभर चिखलात. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली कमिटीची यादी द्या, विश्वस्त कायद्याखाली तीच द्या, आयकराला द्या, बँकेला द्या. यादी तीच, माणसं तीच, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. एकाच ठिकाणी दिलेली यादी बाकीच्यांनी उचलावी, एवढं साधं मागणं कोणाच्या डोक्यात येत नाही. आयकराची सवलत असलेल्या जुन्या संस्थांनाही 2021 पासून नव्याने नोंदणी करायला लावली, तीही पाच वर्षांपुरती. आता म्हणे उत्पन्न 5 कोटींच्या आत असलेल्या लहान संस्थांना नोंदणी दहा वर्षं पुरेल. आभारी आहोत. पाच कोटींच्या आत आम्ही आरामात बसतो, बसल्यावर पाय पसरायलाही जागा उरते.

2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा रस्त्यावर आडवे पडलेले माड आमच्याच पोरांनी कोयते-करवतींनी तोडले. तेव्हा सूचक कोण, अनुमोदक कोण, कोणी विचारलं नाही. उडालेल्या पत्र्यांसाठी वर्गणी खात्यात आली मात्र, आणि कागद सुरू झाले. त्यातली दोन पोरं आता गोव्यात कामाला आहेत. उरलेला एक सांगतो, "काका, झाडा तोडूक बोलवा, सही करूक नको." त्याला काय म्हणणार?

असो. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. साहेब म्हणाले, ऑर्डर येईपर्यंत थांबावं लागेल. इथवर माझी तयारी होती. मग मॅडम कागद परत देताना म्हणाल्या, "आणि ते आजोबा म्हणतायत ते बरोबर आहे हं. सतरा की एकोणीस, तेवढं एका कागदावर लिहून आणा. लेटरहेडवर, गोल शिक्का मारून."

मी वळून आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान होतं. मशीन सुरू झालं, त्यांचं पासबुक छापून आलं, त्यातल्या नोंदी एकदाही न पाहता त्यांनी ते खिशात टाकलं. मग छत्री उघडता उघडता दारातच मला अडवलं.

"तुका ह्यातला सगळा म्हायत दिसता. आमचा भजनी मंडळ आसा. खाता कधीचा बंद पडलाहा, कमिटीतले सगळे वर पावले. सेक्रेटरी म्हणान तुझा नाव घालू?"

मी लगेच पेन काढलं आणि त्यांना आमच्या खजिनदाराचा नंबर लिहून दिला. म्हटलं, "रिकामोच आसता. कधीय फोन करा."