बंदूक नोंदवायला जाताना

युद्धाचा वास आला की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या शहाण्या माणसाने आधी माळ्यावर चढावे आणि आजोबांची ठासणीची बंदूक खाली काढावी. गंज पुसू नये. गंज जितका जाड, तितकी राजनिष्ठा पक्की. मग ती पोत्यात गुंडाळून सरकारात नोंदवून यावी. शत्रू दिल्लीला असो की मेसोपोटेमियात, रानडुकरांसाठी ठेवलेली तुमची नळी मोजून झाल्याशिवाय सरकारचे लढण्यात लक्ष लागत नाही.

‘माझी बंदूक, मी का नोंदवू?’ असे मनात आलेच तर हलगली गावच्या बेडर जमातीला आठवा. सप्टेंबर १८५७ मध्ये, उत्तरेत बंड पेटलेले असताना, कंपनी सरकारने हत्यारांचा कायदा केला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीकरांनी नोंदणी नाकारली. २९ नोव्हेंबरला फौज आली, दुसऱ्या दिवशी गाव पडले, १९ जण फासावर गेले. कानडीत त्यांच्यावर लावणी आहे. (कानडी लावणी म्हणजे आपला पोवाडा. ढोलकी शोधत बसू नका.)

आणि ‘बंडापुरताच कायदा आहे हो, नंतर उठेल’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. बंड शमले, तरी १८६० मध्ये नवा कायदा आला. १८७८ मध्ये आणखी एक. त्यात गोऱ्या साहेबाला परवान्याची माफी होती. कोडगूच्या (म्हणजे कूर्गच्या) कोडवांना तर आजही सूट आहे, तेव्हा पुढचा जन्म कुठे घ्यायचा ते आत्ताच ठरवून ठेवा.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात बादशहासाठी रायफली चालवल्या. ‘हत्यारबंदी उठवायची असेल तर फौजेत भरती व्हा,’ असे १९१८ मध्ये खुद्द गांधीजी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना सांगत फिरले. मुद्दा बिनतोड होता. युद्ध जिंकले. कायदा होता तिथेच राहिला.

स्वराज्यात १९५९चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. २० ऑक्टोबरला चीन चालून आला. याला म्हणतात मुहूर्त.

आता युद्धाची वाट बघायचीही गरज नाही, निवडणूक लागली तरी पुरते. बंदूक ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. आमची जमा झाली तेव्हा पावती कानडीत होती. मी सीमाभागाच्या सवयीने भांडायच्या तयारीत चष्मा चढवला, तर साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवले, ‘बंदूकु, ओंदु.’ एका उकारावरून काय भांडणार? सही केली.

निकालानंतर बंदूक परत आली. दस्त्यावर नंबराची चिठ्ठी डकवलेली आणि नळीत पालीची दोन अंडी. घरून जाताना नळी रिकामी होती. अंड्यांची नोंद कुठल्या कलमाखाली करायची, ते विचारायला सोमवारी जायचे आहे.