अंगण वाकडं आहे, मॅनेजर बदला

अभिनंदन! तुमच्या मालकीचा एक फुटबॉल क्लब आहे, मोसम अर्ध्यावर आलाय, वीस संघांतले शेवटचे तीन खालच्या विभागात जाणार आहेत आणि तुम्ही अठरावे आहात. अशा वेळी मालकाने काय करावं, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वांत आधी, 'आपलं चुकलं कुठे?' हा प्रश्न विचारू नका. त्याची उत्तरं मैदानातून निघतात आणि थेट तुमच्या केबिनपर्यंत येतात. उन्हाळ्यात मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, कानीकपाळी ओरडत होता की डावा बचावपटू घ्या. तुम्ही ओळखीच्या एजंटाच्या शब्दाखातर एकतीस वर्षांचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा गडी, घेतलात, चार वर्षांच्या करारावर. आता दर शनिवारी समोरचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, आपल्या डाव्या बाजूने स्वतःच्या घरात शिरावं तसा शिरतो, मान वर करून सावकाश बघतो आणि आपल्या गोलसमोर क्रॉस टाकतो. पलीकडच्या टोकाला आपला स्ट्रायकर कमरेवर हात ठेवून हे सगळं तटस्थपणे पाहत असतो. कॅमेरा तेवढ्यात तुमच्यावर येतो. तुम्ही मोबाइलमध्ये बघता.

स्ट्रायकरला काढायचं तर साडेतीन वर्षांचा पगार अंगावर येतो. नवा बचावपटू आणायचा तर जानेवारीत ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू विकत घ्यायची मुदत, उघडेपर्यंत थांबावं लागतं. मॅनेजरला काढायला एक फोन पुरतो. नुकसानभरपाई द्यावी लागते, पण ती क्लबच्या तिजोरीतून जाते, तुमच्या अब्रूतून नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढण्याची इतकी चोख सोय दुसऱ्या धंद्यात सापडणार नाही.

तर नारळ द्यायचा, हे ठरलं. पण त्याआधी विश्वास जाहीर करायचा असतो. 'मॅनेजरच्या पाठीशी संपूर्ण संचालक मंडळ ठाम उभं आहे' एवढं एक वाक्य पुरे. ज्याच्या पाठीशी असं मंडळ उभं राहतं, तो शहाणा असेल तर त्याच रात्री सामान बांधायला घेतो. फारच उत्साह असेल तर करारही वाढवून द्या. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडने जुलै २०२४ मध्ये मॅनेजर एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना घरी पाठवलं. ते गेले तेव्हा संघ चौदावा होता. त्यांच्या जागी रुबेन अमोरिम आले, मोसम संपला, संघ पंधरावा आला. एका जागेचा फरक, पण बदल तो बदलच.

आता मुहूर्त. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन सामने हरल्यावर काढू नका, कारण अजून तीन हरायचे बाकी असू शकतात. सलग पाच हरा. गोलखांबाला लागून चेंडू परत यायला लागले, समोरच्या संघाचा ढांगेतून सुटलेला फटकाही आपल्या जाळ्यात जायला लागला, की समजा वेळ आली. इतकं वाईट नशीब फार दिवस टिकत नाही. पुढच्या महिन्यात त्यातला एखादा चेंडू खांबाला लागून आत जाणारच आहे, मॅनेजर कुणीही असो. ताप उतरायच्या आदल्या रात्री वैद्य बदलला की नवा वैद्य धन्वंतरी ठरतो, आणि त्याला बोलावणारे तुम्ही द्रष्टे.

एक धोका आहे. बास तेर वील नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले मॅनेजर-बदल तपासले. मॅनेजर काढलेले संघ सावरले, हे त्याला दिसलंच. पण तसेच गाळात रुतलेले, तरी मॅनेजर न काढलेले संघही त्याने शेजारी ठेवून पाहिले, तर तेही तसेच सावरलेले! हा अभ्यास कुणी बैठकीत काढला, तर त्याला चहा द्या आणि स्टेडियमच्या छपराचा विषय काढा.

पत्रकारांसमोर मात्र लंडनच्या चेल्सी क्लबचंच उदाहरण द्या. मार्च २०१२ मध्ये मॅनेजर व्हिलास-बोआस यांना काढलं, हंगामी म्हणून डी मातेओ आले आणि मे महिन्यात म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढलं, टुखेल आले आणि मे महिन्यात पुन्हा तोच चषक. बघा, साधा हिशेब! डी मातेओंनाही सहा महिन्यांत काढलं होतं, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. आणि म्युनिकला ८८व्या मिनिटाला हेडर मारून बरोबरी साधणारा चेल्सीचा स्ट्रायकर ड्रोग्बा तेव्हा चौतीस वर्षांचा होता, म्हणून आपल्या एकतिशीच्या गड्याशी त्याची तुलना करायचा मोह टाळा. तो ड्रोग्बा होता.

वॉटफर्ड या इंग्लिश क्लबचं नाव घेऊ नका. २०१९-२० च्या मोसमात त्यांनी तीन मॅनेजर काढले, तिसरा तर दोन सामने उरले असताना, आणि तरी खाली गेले. दोन वर्षांनी पुन्हा एका मोसमात तीन मॅनेजर वापरून पाहिले आणि पुन्हा खाली गेले. चिकाटी म्हणावी ती हीच. लीड्सने २०२३ मध्ये चार सामने उरले असताना सॅम अलार्डाइस यांना बोलावलं. त्यांनी एक गुण मिळवला.

लेस्टर तुमच्या कामाचं आहे, अर्धंच. सट्टेबाजारात पाच हजारास एक असा भाव असताना मॅनेजर रानिएरींनी २०१६ मध्ये या क्लबला इंग्लंडची अव्वल लीग जिंकून दिली आणि नऊ महिन्यांत त्यांना काढलं. सगळं जग हळहळलं, आणि इकडे लेस्टरने लगेच लीगचे पाच सामने ओळीने जिंकले. मला स्वतःला रानिएरींचं वाईट वाटलं होतं, पण गुणतक्त्याला वाईट वाटत नाही. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनी संघाला बाराव्या क्रमांकावर नेलं, कायमची नोकरी मिळवली आणि ऑक्टोबरात त्यांनाही नारळ मिळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

कुणीतरी ज्येष्ठ सभासद उठून मँचेस्टर युनायटेडचे गाजलेले मॅनेजर फर्ग्युसन यांचं नाव घेणार. 'साडेतीन वर्षं एकही चषक नव्हता, तरी युनायटेडने धीर धरला!' बरोबर आहे. त्यांना आदराने विचारा की नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसनसाठी खुर्ची रिकामी कशी झाली. मोसमाच्या मध्यावर रॉन ॲटकिन्सनना काढूनच ना? सभासद खाली बसतील. पुढची साडेतीन वर्षं तुमच्याकडून होणार नाहीत, हा भाग वेगळा.

घाई होतेय असं वाटून संकोचू नका. २००७ मध्ये टॉर्की क्लबने लिरॉय रोझेनिअर यांची नेमणूक जाहीर केली आणि दहाच मिनिटांत त्यांना कळलं की क्लब विकला गेलाय आणि नोकरीही गेली. तो विक्रम तुमच्या हातून मोडणं अवघड आहे.

नव्या माणसाचा फोटो मैदानाच्या मधोमध काढा. डोक्यावर दोन्ही हातांनी ताणून धरलेला क्लबचा स्कार्फ, शेजारी तुम्ही, पाठीमागे रिकाम्या खुर्च्या. फोटो झाला की स्कार्फ मात्र आठवणीने परत घ्या आणि घडी घालून केबिनच्या खणात ठेवा. फेब्रुवारीत लागेल.