आंदोलन करा, पण बेशरम लावू नका

पावसाळा लागला, की खड्ड्यांत बेशरमाची झाडं लावल्याचे फोटो फिरायला लागतात. राग खराच आहे, रस्ते तसेच आहेत. मला फक्त एक विचारायचंय. घोषणा संपल्यावर ती झाडं टाकता कुठे?

आमच्या गावात मागच्या साली ती पुलाखालच्या नाल्यात गेली. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बेशरमाची हातभर काडी ओल्या गाळात पडली तरी मुळं धरते. नाव काही उगाच नाही पडलं. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, रताळ्याच्या भावकीतलं. कुंपणाला आणि शोभेला म्हणून माणसांनीच हौसेनं लावलं. फुलं देखणी आहेत, खोटं कशाला बोलू? फिकट गुलाबी-जांभळी, कर्ण्यासारखी.

पण आमच्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव बघा. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या ताब्यातले. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावानं सांगतात. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळीची, म्हणजे बांधाची, आणि गाळाची रोजची काळजी घेणारं कुणी उरलं नाही. तलाव उथळ झाले आणि काठाकाठानं बेशरम आत सरकलं. ते माजलं की देवधानाला (आपोआप उगवणाऱ्या रानभाताला), कमळाला जागा उरत नाही. ढिवरांचं जाळंही त्यातच अडकून फाटतं.

शेळ्यांचं तर विचारूच नका. एरवी त्या तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरा चारा नसला की खातात, आणि एकदा चटक लागली की तेच शोधतात. त्यात स्वेन्सोनाइन नावाचं विष असतं. आमची एक शेळी मान हलवत, लटपटत चालायची. आई म्हणायची, 'हिला बाहेरचं लागलं.' अंगारा झाला, धुपारा झाला. लागलं होतं ते तलावाच्या काठचंच.

आता काढायचंच म्हणून जेसीबी लावतात. तुकडे होतात, गाळात दबतात, आणि पुढच्या पावसात एकाची दहा. तलाव आटल्यावर, वैशाखात, कुदळीनं मुळासकट काढावं लागतं आणि पाण्यापासून लांब कडकडीत वाळवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, फोटोही धड येत नाही.

फोटोच हवा असेल तर खड्ड्यात धानाची रोवणी करा ना! चिखल तयारच आहे. उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, निदान गाय तरी खाईल.